‘ये आणि पाहा’ : एका जळलेल्या प्रदेशाची साक्ष

मनाला ज्यापासून क्लेशच व्हावयाचे हें आधींपासून ठाऊक आहे, अशी कलाकृति मनुष्यानें आपण होऊन कां पाहावी, हा प्रश्न फार जुना आहे. शोकान्त नाटकांच्या निमित्तानें तो ग्रीकांनीं विचारला, करुणरसाच्या निमित्तानें आपल्या आलंकारिकांनीं विचारला, आणि मराठी टीकावाङ्मयांतहि त्याचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. परंतु प्रश्न ग्रंथांत वाचणें निराळें आणि तो आपल्या घराच्या ओटीवर येऊन उभा राहणें निराळें. गेल्या महिन्यांत तो माझ्याकडे असाच आला. आमच्या लहानशा अभ्यासमंडळांत एलेम क्लिमोव या सोव्हिएट दिग्दर्शकाचा १९८५ सालचा ‘ये आणि पाहा’ हा बोलपट दाखविण्यांत आला. त्यांतील पात्रें बेलारूशियन, रशियन आणि जर्मन बोलतात. आम्हां कोणालाच त्यांपैकीं एकहि भाषा येत नव्हती, आणि पडद्याच्या तळाशीं उमटणाऱ्या इंग्रजी ओळींवरच आमची सारी भिस्त होती. बोलपट संपला, दिवे लागले; परंतु नेहमींप्रमाणें चर्चेस कोणी तोंड फोडीना. शेवटीं एक वृद्ध निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले, “नांव ‘ये आणि पाहा’ आहे खरें, पण यांत पाहण्यासारखें काय आहे, तें मला कोणी सांगेल काय?” उत्तराची वाट न पाहतां ते काठी टेकीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशीं माझी धाकटी बहीण आली. तिच्या मुलाला चौदावें वर्ष चाललें आहे. मित्रांकडून त्यानें या बोलपटाचें नांव ऐकलें होतें, आणि तो पाहण्याचा त्याचा हट्ट चालला होता. ती म्हणाली, “दादा, तूं पाहिला आहेस ना? मग सांग, याला पाहूं देऊं कीं नको?” मला लगेच उत्तर सुचलें नाहीं. पुढील लेखन म्हणजे या दोन प्रश्नांना उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. हें उत्तर इतिहासाच्या वाटेनेंच गेलें पाहिजे. कारण ज्या मातींतून हा बोलपट उगवला ती माती ओळखल्यावांचून, यांतील भीषणता केवळ भीषणतेच्या हौसेनें योजिली आहे, असा गैरसमज होण्याचा फार संभव आहे.

बेलारूस हा पोलंड आणि रशिया यांच्या मध्यें पसरलेला, अरण्यांचा आणि दलदलींचा सपाट प्रदेश. २२ जून १९४१ रोजीं हिटलरच्या सैन्यानें सोव्हिएट संघराज्यावर स्वारी केली आणि सहा दिवसांत, २८ जूनला, मिन्स्क हें राजधानीचें शहर पडलें. ३ जुलै १९४४ रोजीं तें परत जिंकलें जाईपर्यंत तीन वर्षें या प्रदेशावर जर्मन अंमल होता. अरण्यांच्या आश्रयानें तेथें गनिमी टोळ्या उभ्या राहिल्या. त्या रेल्वेचे रूळ उखडीत, पूल उडवीत, शत्रूच्या तुकड्यांवर अवचित तुटून पडत. त्यांच्या बंदोबस्तासाठीं जर्मन अधिकाऱ्यांनीं जो उपाय योजिला तो असा कीं, टोळीवाले हातीं लागत नाहींत तर त्यांना भाकरी देणारें गांवच नाहींसें करावें. गांवाला वेढा घालावयाचा, माणसें एखाद्या कोठारांत कोंडावयाचीं, आणि कोठार पेटवून द्यावयाचें. ही रीत इतक्या वेळां गिरविली गेली कीं, करणाऱ्यांच्या दृष्टीनें तें एक रोजचें कामकाज होऊन बसलें.

या शेंकडों गांवांपैकीं एकाचें नांव पुढें जगाला ठाऊक झालें. तें म्हणजे मिन्स्कच्या उत्तरेस सुमारें पन्नास किलोमीटरांवरील खातीन. २२ मार्च १९४३ रोजीं सकाळीं जवळच्या रस्त्यावर गनिमी सैनिकांनीं एका जर्मन तांड्यावर गोळीबार केला, आणि त्यांत हान्स व्होल्के नांवाचा पोलिस अधिकारी ठार झाला. हा व्होल्के १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें गोळाफेकींत सुवर्णपदक मिळविलेला खेळाडू होता. सूड घेण्यासाठीं ११८ व्या सहायक पोलिस पलटणीचे आणि ऑस्कार डिर्लेवांगर याच्या कुप्रसिद्ध तुकडीचे लोक त्याच दिवशीं खातीनवर चालून आले. गांवकऱ्यांना एका कोठारांत कोंडून तें पेटविण्यांत आलें, आणि दार मोडून जे बाहेर धांवले त्यांच्यावर यंत्रबंदुका चालविण्यांत आल्या. १४९ माणसें मेलीं. त्यांत ७५ मुलें होतीं. प्रौढांपैकीं एकटा यूझिफ कामिन्स्की हा लोहार भाजलेल्या, घायाळ स्थितींत वांचला. शुद्धीवर आल्यावर प्रेतांच्या राशींत त्याला आपला मुलगा सांपडला. मुलगा अद्याप जिवंत होता, पण बापाच्या हातांवरच त्यानें प्राण सोडला. १९६९ सालीं खातीन येथें जें विस्तीर्ण स्मारक उघडण्यांत आलें, त्याच्या मध्यभागीं मृत मुलाला हातांवर घेऊन उभ्या असलेल्या या बापाचा पुतळा आहे. जेथें घरें होतीं तेथें आतां धुरांड्यांच्या आकाराचे सव्वीस स्तंभ उभे आहेत, आणि त्यांवरील घंटा दर अर्ध्या मिनिटाला एकदां वाजतात. दुसऱ्या एका चौथऱ्यावर तीन भूर्जवृक्ष लाविले आहेत, आणि चौथ्याच्या जागीं अखंड ज्योत तेवत ठेविली आहे. त्या युद्धांत बेलारूसमधील दर चार माणसांपैकीं एक मेलें, ही गणना तेथें अशी मांडली आहे.

स्मारकें दगडाचीं असतात. दगडाला जें बोलतां येत नाहीं तें गोळा करण्याचें काम अलेस अदामोविच या लेखकानें अंगावर घेतलें. अदामोविच १९२७ सालीं जन्मला. जर्मन अमलांत त्याची आई गनिमी सैनिकांना गुप्तपणें मदत करीत असे, आणि तो स्वतः कोवळ्या वयांतच अरण्यांत जाऊन त्यांच्यांत सामील झाला. युद्धानंतर तो विद्वान् टीकाकार आणि कादंबरीकार म्हणून नांवारूपास आला. तरीहि आपण पाहिलेलें आपल्या एकट्याच्या लेखणींत मावणारें नाहीं, ही जाणीव त्याला सोडीना. म्हणून यांका ब्रिल आणि उलादझिमिर कालेस्निक या दोन लेखकमित्रांना बरोबर घेऊन त्यानें १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत बेलारूसचीं खेडीं पालथीं घातलीं. जळत्या कोठारांतून जीं माणसें कशींबशीं वांचलीं होतीं, त्यांच्यासमोर हे तिघे ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन बसले. तीनशेंहून अधिक माणसांच्या मुखांतील हकीकती त्यांनीं टिपल्या, आणि ‘मी त्या जळत्या गांवचा’ अशा अर्थाच्या नांवानें १९७५ सालीं तें पुस्तक बेलारूशियन भाषेंत प्रसिद्ध झालें. त्यांत लेखकांनीं आपली अलंकारिक भाषा बाजूस सारून शेतकरी बायाबापड्यांच्या शब्दांनाच पुढें येऊं दिलें आहे. २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनीं अदामोविचला आपला गुरु मानलें आहे, यावरून या मार्गाचें महत्त्व ध्यानांत येईल. आपल्या बोलपटाचा पाया हाच आहे. त्यांतील जीं कृत्यें पाहून आपण ‘हें अतिशयोक्त असलें पाहिजे’ असें म्हणूं पाहतों, तसलींच कृत्यें वांचलेल्या माणसांनीं प्रथम या यंत्रासमोर सांगितलीं होतीं.

दिग्दर्शक क्लिमोव हाहि आगींतून आलेला मनुष्य. त्याचा जन्म १९३३ सालीं स्टालिनग्राड येथें झाला. १९४२ सालीं त्या शहरावर जर्मनांचा हल्ला झाला तेव्हां आई, तान्हा भाऊ आणि तो असे तिघे व्होल्गा पार करून गेले. मागें शहर पेटलेलें होतें, आणि तेल सांडून नदीचें पाणीहि जळत होतें. हें त्याला आयुष्यभर विसरतां आलें नाहीं. अदामोविचबरोबर त्यानें लिहिलेली संहिता १९७७ च्या सुमारास चित्रणासाठीं तयार होती, आणि तिचें नांव होतें ‘हिटलरला ठार करा’. सरकारी चित्रपटखात्यानें तिला हरकत घेतली. वीरश्रीचीं चित्रें पाहण्यास सोंकावलेल्या त्या अधिकाऱ्यांना या संहितेंत केवळ घाण, चिखल आणि किळस दिसली. काम थांबलें, आणि तें सुरूं होण्यास सुमारें सात वर्षें लागलीं. या मधल्या काळांत क्लिमोववर दुसरा आघात झाला. त्याची पत्नी लारिसा शेपित्को हीहि मोठ्या योग्यतेची दिग्दर्शिका होती. बेलारूसमधील याच युद्धावरील तिच्या ‘आरोहण’ या बोलपटाला १९७७ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें होतें. १९७९ सालीं ती मोटार-अपघातांत मरण पावली. तिनें हातीं घेतलेला बोलपट क्लिमोवनें पुरा केला, आणि मग तो पुन्हां आपल्या जुन्या संहितेकडे वळला. १९८५ सालीं, युद्धसमाप्तीच्या चाळिसाव्या वर्षीं, बोलपट पुरा होऊन प्रकाशांत आला, आणि मॉस्कोच्या महोत्सवांत त्याला सुवर्णपारितोषिक मिळालें. तोंवर नांव बदललें होतें. ‘ये आणि पाहा’ हे शब्द ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या अखेरच्या, प्रलयाचें वर्णन करणाऱ्या भागांतले. हा नांवाचा बदल वाचकांनीं लक्षांत ठेवावा. माझ्या सांगण्याचा मुख्य धागा तोच आहे.

कथा अशी. फ्लोर्या नांवाचा एक खेड्यांतला पोर वाळूंत उकरून मेलेल्या सैनिकाची बंदूक मिळवितो, कारण बंदूक असल्याशिवाय गनिमी टोळींत कोणी घेत नाहीं. आई आक्रोश करते, पुढें कुऱ्हाड टाकते आणि म्हणते कीं, जाणारच असशील तर आधीं आम्हांला मारून जा. पोराला तें सारें हास्यास्पद वाटतें. तो आपल्या दोन चिमुकल्या बहिणींकडे पाहून डोळे मिचकावतो आणि हंसत हंसत निघून जातो. युद्ध म्हणजे मोठ्यांचा खेळ, अशी त्याची समजूत. टोळी मात्र त्याला छावणींतच मागें ठेवून निघून जाते, आणि जातांना त्याचे नवे बूटहि दुसऱ्या एका सैनिकाला द्यावे लागतात. छावणीवर तोफगोळे पडतात आणि मुलाचे कान बधिर होतात. त्याबरोबर आपल्यालाहि ऐकूं येईनासें होतें, आणि एक बारीक, न संपणारी किणकिण तेवढी उरते. ग्लाशा नांवाच्या मुलीबरोबर तो गांवीं परततो. घर रिकामें. चुलीवरील रस्सा अजून गरम. माशा घोंगावत आहेत. बहिणींच्या बाहुल्या जमिनीवर पडल्या आहेत. ‘ते सर्व दलदलींतल्या बेटावर लपले असतील, मला जागा ठाऊक आहे’ असें म्हणून तो धांवत सुटतो. मागून धांवणारी ग्लाशा मान वळवून पाहते, तों घराच्या भिंतीशीं गांवकऱ्यांच्या प्रेतांची रास पडलेली. फ्लोर्या पाहत नाहीं.

हें दृश्य कांहीं क्षणांचेंच आहे. पण सबंध बोलपटाचें मर्म मला येथें दिसतें. जो मुलगा बंदूक उकरण्यासाठीं उतावीळ झाला होता त्याला मान वळवून पाहण्याचें धैर्य होत नाहीं. आणि तें पाहिलेलें ग्लाशा पोटांत ठेवून त्याच्या मागें चिखलांत उतरते. पुढें त्याला सर्व कळतें, आणि तेथून त्याचें वय झपाट्यानें वाढूं लागतें. शेवटीं तो परक्या गांवांत सांपडतो. तेथें तीच रीत चालते: वेढा, कोठार, आग. मुलांना मागें ठेवून येणाऱ्यांनीं बाहेर यावें, असें पुकारण्यांत येतें. आईबापांपैकीं कोणी हालत नाहीं. फ्लोर्या खिडकींतून बाहेर पडतो. मग कोठार पेटतें, सैनिक टाळ्या वाजवितात, आणि मुलाच्या कपाळाला पिस्तूल लावून स्वतःचें छायाचित्र काढवून घेतात. दिग्दर्शक मारामारीचा आवेश दाखवीत नाहीं. तो मुलाचा चेहरा दाखवितो, आणि तो चेहरा पाहतां पाहतां सुरकुतलेल्या म्हाताऱ्याचा होत जातो. ही भूमिका करणारा अलेक्सेइ क्रावचेंको त्या वेळीं अवघा चौदा-पंधरा वर्षांचा होता. या दृश्यांनीं मुलाच्या मनावर कायमचा आघात तर होणार नाहीं ना, ही धास्ती खुद्द दिग्दर्शकालाहि होती, असें सांगतात. ही धास्ती पुढें खरी ठरली नाहीं. क्रावचेंको मोठेपणीं नट म्हणूनच नांवारूपास आला. तथापि एका मुलाचें दुःख जगाला दाखविण्यासाठीं दुसऱ्या मुलाला अशा कसोटीस लावावें काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो मीं माझ्या मनांत मिटवूं शकलेलों नाहीं.

आतां रसाचा प्रश्न. करुण काव्यापासून आनंद कां होतो, याचें एक उत्तर न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत आपल्या सविकल्प समाधीच्या कल्पनेनें दिलें होतें. काव्य वाचतांना आपण दुसऱ्याच्या भूमिकेशीं एकरूप होतों, परंतु आपलें स्वत्व पुसलें जात नाहीं. दोन्ही जाणिवा एकाच वेळीं नांदतात आणि त्यांतून आनंद उपजतो, असा त्यांचा अभिप्राय. नाटकगृहांत रडून बाहेर पडल्यावर मन हलकें होतें तें यामुळेंच. पण ‘ये आणि पाहा’ पाहून मन हलकें होत नाहीं. दोन तासांहून अधिक वेळ चालणाऱ्या या बोलपटांत रडण्यास फारशी सवड मिळत नाहीं, कारण रडण्यासाठीं जें थोडें अंतर लागतें तेंच दिग्दर्शक काढून घेतो. पात्रें सरळ आपल्या डोळ्यांत पाहतात. मुलाच्या कानांतील किणकिण आपल्या कानांत राहते. प्रारंभींपासून शेवटपर्यंत वरून एक टेहळणीचें विमान घिरट्या घालीत असतें, आणि तें आपल्यालाहि पाहत आहे असें वाटतें. स्वत्व विसरतां न येणें हें येथें सुखाचें कारण नसून दुःखाचें कारण होतें; मी खुर्चींत सुरक्षित बसलों आहें, हीच जाणीव बोंचूं लागते. तेव्हां आनंद हा शब्द येथें लागू नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. या कृतीचें जें मोल आहे तें निराळ्या जातीचें आहे.

तें मोल शेवटच्या प्रसंगांत आहे. गनिमी सैनिकांच्या हातीं त्या जर्मन तुकडीचे कांहीं लोक सांपडतात. त्यांतील एक तरुण अधिकारी न डगमगतां सांगतो कीं, मुलें बाहेर येऊं नयेत हें मींच म्हटलें, कारण सारें मुलांपासूनच सुरूं होतें. कांहीं जातींना भविष्याचा अधिकारच नाहीं. त्या सर्वांना गोळ्या घातल्या जातात. मग फ्लोर्याला एका डबक्यांत हिटलरची तसबीर पडलेली दिसते. सबंध बोलपटभर खांद्यावर वागविलेली बंदूक तो येथें प्रथमच चालवितो. एका गोळीसरशीं पडद्यावर इतिहास उलटा धांवूं लागतो. जळालेलीं शहरें पुन्हां उभीं राहतात, टाकलेले बॉम्ब विमानांत परत जातात, मोठमोठ्या सैनिकी मेळाव्यांतील पलटणी मागें मागें चालूं लागतात. गोळीमागून गोळी झडते आणि हिटलर तरुण होतो, पोरगा होतो. आणि अखेर आईच्या मांडीवर बसलेल्या एका तान्ह्या मुलाचें छायाचित्र पडद्यावर स्थिर होतें. फ्लोर्याची बंदूक थांबते. त्याचा तो जख्ख झालेला चेहरा थरथरतो, डोळ्यांत पाणी येतें, पण पुढची गोळी सुटत नाहीं.

सारें मुलांपासून सुरूं होतें, असें म्हणून तो अधिकारी मुलांना आगींत ढकलीत होता. त्याच न्यायानें पाहिलें तर या एका मुलाला मारण्याइतकें न्याय्य कृत्य जगांत दुसरें नसतें. ज्याची आई मारली गेली, ज्याच्या बहिणी मारल्या गेल्या, त्या पोराच्या हातांत बंदूक आहे आणि अडविणारें कोणी नाहीं. तरी तो गोळी झाडीत नाहीं. झाडली असती तर तो अधिकारी बरोबर ठरला असता. ‘हिटलरला ठार करा’ हें नांव क्लिमोवनें कां टाकलें, त्याचें कारण सरकारी हरकत असो वा अन्य कांहीं असो, बोलपट स्वतःच तें नांव नाकारतो. या प्रसंगीं मला आपल्या आदिकवीची आठवण होते. क्रौंचपक्ष्याचा वध डोळ्यांनीं पाहून वाल्मीकीच्या तोंडून जो पहिला श्लोक निघाला तो व्याधाला दिलेला शाप होता, आणि त्या शोकांतून पुढें सबंध काव्य जन्मास आलें, असें आपली परंपरा मानते. शाप ही पाहिलेल्या क्रौर्याची पहिली, साहजिक प्रतिक्रिया. हा बोलपटहि दोन तास शापच उच्चारीत असतो. परंतु शापाचा शेवटचा शब्द ओठांवर आला असतां तो थांबतो. त्या थांबण्याच्या क्षणीं प्रेक्षकाच्या मनांत जें होतें, त्याला मी भावनेचें मोल म्हणतों. आपण स्वतः आंतून गोळ्या झाडीत होतों आणि आपलीहि बंदूक थांबली, हें त्या क्षणीं कळतें. हें शिकविण्यासाठीं त्यापूर्वींचें सारें क्रौर्य आवश्यक होतें. कारण ज्यानें कांहींच भोगलें नाहीं त्याच्या क्षमेला किंमत नसते.

याचा अर्थ बोलपटांत दोष नाहींत असा नव्हे. सोव्हिएट राजवटीनें आपल्याच लोकांवर केलेल्या अत्याचारांविषयीं त्यांत अक्षर नाहीं. बेलारूसमधील लाखों ज्यूंचा जो पद्धतशीर संहार झाला त्याला ओझरता स्पर्शच आहे. खातीनच्या बाबतींतहि पूर्ण सत्य फार काळ दडविण्यांत आलें होतें. तेथें आलेल्या ११८ व्या पलटणींत बहुतांश युक्रेनियन लोक होते, आणि त्यांत पूर्वींचे सोव्हिएट सैनिकहि होते. त्यांचा एक प्रमुख, ग्रिगोरी वास्युरा, याच्यावर १९८६ सालीं मिन्स्क येथें खटला होऊन त्याला देहांताची शिक्षा झाली. पण त्या खटल्याचा गाजावाजा होऊं नये याची सरकारनें काळजी घेतली. शेंकडों जळालेल्या गांवांतून स्मारकासाठीं नेमकें खातीनच कां निवडलें, याविषयींहि संशय व्यक्त झाला आहे. कातीन येथें १९४० सालीं सोव्हिएट गुप्तपोलिसांनीं हजारों पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल केली, आणि ती १९९० पर्यंत नाकारली. त्या नांवाशीं असलेलें साम्य सरकारच्या पथ्यावर पडलें, असें कित्येकांचें म्हणणें आहे. हें सर्व लक्षांत घेऊनहि एक गोष्ट क्लिमोवच्या पदरीं टाकली पाहिजे. जाळणाऱ्यांमध्यें स्थानिक साहाय्यक होते हें त्यानें झांकलेलें नाहीं, आणि सूड घेणारे गनिमी सैनिक त्यानें देवदूत म्हणून रंगविलेले नाहींत.

बोलपटाच्या शेवटीं पडद्यावर एक आंकडा येतो: बेलारूसमधील ६२८ गांवें त्यांतील सर्व रहिवाशांसह जाळण्यांत आलीं. अडीच कोटींहून अधिक सोव्हिएट प्रेक्षकांनीं हा बोलपट पाहिला. कित्येकांना नाट्यगृहांतून उचलून बाहेर न्यावें लागलें, असें म्हणतात. स्वतः क्लिमोव एक आठवण सांगत असे. एका प्रदर्शनानंतर एक वृद्ध जर्मन मनुष्य उठला. आपण त्या सैन्यांत अधिकारी होतों, बेलारूसमधूनहि गेलों आहों, आणि यांत दाखविलेलें सर्व खरें आहे, अशी साक्ष त्यानें दिली. आणि आपलीं मुलें व नातवंडें हा बोलपट पाहतील याची आपल्याला सर्वांत अधिक लाज वाटते, असें तो म्हणाला. १९८६ सालीं क्लिमोव सोव्हिएट चित्रपटकारांच्या संघाचा प्रमुख झाला, आणि पूर्वीं दडपून ठेविलेल्या अनेक बोलपटांना त्याच्या कारकीर्दींत वाट मिळाली. स्वतः मात्र त्यानें यानंतर एकहि बोलपट काढला नाहीं. २००३ सालीं तो वारला.

आतां त्या दोन प्रश्नांकडे वळतों. वृद्ध गुरुजींना मी एवढेंच सांगेन कीं, यांत पाहण्यासारखें असेल तर ती न झाडलेली गोळी आहे. आणि ती पाहावयाची तर तत्पूर्वींचें सर्व पाहावें लागतें, त्याला आडवाट नाहीं. ज्यांना तें सोसत नाहीं त्यांनीं पाहूं नये. त्यांत त्यांच्या रसिकतेला कमीपणा नाहीं. सोसणें हा कांहीं सद्गुण नव्हे.

बहिणीला मात्र मीं तिच्या घरीं जाऊन उत्तर दिलें. मीं तिला सांगितलें, “याला पाहूं दे, पण आतांच नको, आणि एकट्यानें तर मुळींच नको. बंदूक सांपडल्यावर त्या पोराला जसा हर्ष होतो तसाच याला सध्यां या बोलपटाचा होत आहे. तो ओसरूं दे. दोन-तीन वर्षांनीं मी त्याच्याशेजारीं बसेन.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तुला पुन्हां पाहावा लागेल, दादा.”

मीं हो म्हटलें. पहिल्या वेळीं भिंतीपाशीं ती रास दिसली तेव्हां मींहि मान फिरविली होती, हें तिला सांगणें मला त्या वेळीं जमलें नाहीं.